घटत्या शिल्लकीचे तात्या

सांगलीत सिगारेट सोडायची रूढ पद्धत अशी: पाडवा किंवा वाढदिवस गाठायचा, चार मित्र साक्षीला घ्यायचे, आयर्विन पुलावर जायचं आणि भरलं पाकीट कृष्णेत भिरकावायचं. भिरकावणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी असं काही वैराग्य असतं, की साक्षीदारांनाही आपापली पाकिटं खिशात टोचू लागतात. परवा दिवशी तोच गृहस्थ टपरीवर "आज जरा टेन्शन आहे" म्हणत उभा असतो. तात्यांना हा प्रकार कधीच पटला नाही. एक तर त्यात भरल्या पाकिटाचं नुकसान. आणि दुसरं म्हणजे कागदावर काहीच राहत नाही.

तात्या एका पतसंस्थेत हिशेबनीस होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात अजून दोन पेनं असतात. निळं लिहायला, लाल दुसऱ्यांच्या चुकांना. डॉक्टरांनी छातीला नळी लावून "आता हे बंद करा" म्हटलं, तेव्हा कुणीही घाबरून मान डोलावली असती. तात्यांनी विचारलं, "कुठल्या पद्धतीनं?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. तो तात्यांनी घरी येऊन स्वतःच सोडवला. घसारा काढायच्या पद्धती दोन: सरळ रेषेची आणि घटत्या शिल्लकीची. पहिलीत दर वर्षी सारखी रक्कम कापली जाते आणि एक दिवस सगळं संपतं. दुसरीत उरलेल्या शिल्लकीवर टक्केवारी लागते. तात्यांनी दुसरी निवडली, यात त्यांचा सगळा स्वभाव आला. रोजच्या अठरा सिगारेटी, आठवड्याला दहा टक्के घसारा, उत्तर जवळच्या पूर्णांकात. दोनशे पानी वही आणली, वर 'श्री' घातलं, रकाने आखले. वेळ, कारण, शेरा. "सकाळी ६.१०. चहा. आवश्यक." "दुपारी १.४०. जेवण. आवश्यक." "संध्याकाळी ५.२०. मेहुणे आले. अत्यावश्यक."

अठराच्या सोळा झाल्या, सोळाच्या चौदा. तात्या भेटेल त्याला आकडा सांगू लागले. तेरा, बारा, अकरा. मधे एकदाच अडचण आली. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्या सिगारेटी विकायला बंदी आहे, आणि नियमाबाहेर जाऊन सुटी मागणं तात्यांच्या रक्तात नाही. वहीत नऊ मंजूर आणि पाकिटात दहा! ती दहावी सिगारेट ते रात्रभर 'अनामत' म्हणून सांभाळायचे. शासनाला तंबाखूमुक्तीचं गांभीर्य नाही, असं त्यांचं मत तेव्हा झालं ते कायमचं.

पुढे आठ, सात, सहा, पाच. आणि मग पाच. पुढच्या आठवड्यातही पाच. पाचाचे दहा टक्के वजा केले की उरतात साडेचार, आणि साडेचारचा जवळचा पूर्णांक, हिशेबाच्या रिवाजानं, पाच. तात्यांनी वही उलटीसुलटी तपासली. चूक नव्हती. पद्धत निर्दोष होती आणि तिच्यात शून्य नव्हतं.

मला विचाराल तर तात्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हळूहळू सोडणारा माणूस लबाड नसतो, पण आपल्या लबाडीला तो फार सुबक घर बांधून देतो.

पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर त्यांनी फोन लावला. (हा क्रमांक पाकिटावरच असतो, म्हणून पाकीट टाकता येत नाही, हा युक्तिवाद त्यांनी काकूंपुढे आधीच करून झाला होता.) पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, काका, एक तारीख ठरवा. तात्या म्हणाले, "३१ मार्च." आता आली का पंचाईत! फोन चालू होता एप्रिलमध्ये.

शेवटी पुन्हा डॉक्टर. डॉक्टरांनी आधी त्यांना इंग्लंडमधल्या २०१६ च्या एका चाचणीची गोष्ट सांगितली. तिथे एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक चार आठवड्यांनंतरही सिगारेटपासून दूर होते. हळूहळूवाल्यांपैकी ३९ टक्के. एखादा खजील झाला असता. तात्या म्हणाले, "पहिल्या खात्यातले एकावन्न टक्के कुठे दाखवलेत?" मग डॉक्टरांनी निकोटिनची पट्टी लिहून दिली. रोज दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, कमी ओढणाऱ्याला १४ पासून: सहा आठवडे १४, मग दोन आठवडे ७, मग बंद. तात्या दुखावले. सुरुवातीची शिल्लक अठरा होती, तेव्हा आपला हक्क एकवीसवर आहे, असं त्यांनी वहीनिशी दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "आज किती ओढता?" तात्या गप्प. चौदा, सात, शून्य! ज्या सरळ रेषेला त्यांनी जन्मभर टाळलं, तीच दंडाला चिकटवून ते घरी आले.

पट्टी कोरड्या, केस नसलेल्या कातडीवर आणि रोज नव्या जागी लावायची असते. तात्यांच्या अंगावर अशी जागा शोधायला काकूंना चष्मा लागला. पट्टी रात्रभर ठेवली की काहींना ठसठशीत स्वप्नं पडतात. तात्यांना ताळेबंद पहिल्याच फटक्यात जुळल्याचं स्वप्न पडलं आणि ते दचकून उठले. तेव्हापासून ते पट्टी झोपताना काढू लागले.

अधूनमधून उसळणाऱ्या तलफेसाठी २ मिलिग्रॅमची चघळायची गोळी होती. ती दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, पानाच्या चवीचीही मिळते. तात्यांनी पहिली गोळी पोरं बबलगम चावतात तशी चावली आणि अर्धा तास उचक्या देत बसले. काकूंना वाटलं, कोणीतरी आठवण काढतंय. ती खायची रीत वेगळी: सावकाश चावायची, जिभेला तिखट झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायची, चव ओसरली की पुन्हा चावायची. आणि पंधरा मिनिटं आधी चहा नाही. सांगलीत चहाशिवायची सलग पंधरा मिनिटं आणायची कुठून, ही शंका तात्यांनी तेवढी डॉक्टरांना विचारली नाही.

गालात धरायचं तंत्र त्यांना शिकवलं ते भाजीवाल्या मावशींनी. आपल्या राज्यात ओढणारे थोडे, चघळणारे आणि मिश्री लावणारे फार. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ओढणारे चार टक्क्यांच्या आत भरले, बिनधुराचे चोवीसवर. मावशी या दुसऱ्या खात्यातल्या. तरुणपणी तंबाखू, पुढे मिश्री, आणि आता नातीनं "आजी, तुझ्या तोंडाला वास येतो" म्हटल्यापासून काहीच नाही. या गोळीची कल्पना स्वीडनमध्ये निघाली, पाणबुडीत धूर चालत नाही म्हणून खलाशी तंबाखू चघळायला लागायचे, ते पाहून, असं तात्यांनी कुठेतरी वाचलेलं त्यांना ऐकवलं. मावशी म्हणाल्या, "मग त्येला एवढं लांब कशाला जायाला पायजे हुतं? मार्केट यार्डात आला असता तर दावलं असतं."

आमराईतल्या बाकावर सकाळी तंबाखू सोडणाऱ्यांचं एक मंडळ जमायचं, चौघांचं. तात्या, मावशी, बिडी सोडलेले रिक्षावाले सलीमभाई, आणि आयर्विन पुलावरून तीनदा पाकीट फेकलेले ड्रॉइंगचे गुरुजी. नियम एकच: तलफ आली की ओढायच्या आधी फोन करायचा. तलफ पाचेक मिनिटांत उतरते, तेवढा वेळ दुसऱ्यानं बोलत राहायचं, विषय कुठलाही. सकाळी सहा दहाला सलीमभाईंचा फोन वाजला की घरचे म्हणत, "तात्यांची सहा दहा आली." सलीमभाई पेट्रोलच्या भावापासून सुरू करत. गुरुजी जरा धोक्याचे, ते धुराची वलयं कशी रेखाटावीत याकडे वळायचे. मावशींचा खाक्या निराळा. त्या फोन उचलून "वडायची असंल तर वडा, मला काय करायचंय" म्हणून ठेवून देत, आणि तात्या रागाच्या भरात ती पाच मिनिटं पार करत. डॉक्टरांचं औषध मी कमी लेखत नाही. पण पट्टीला राग येत नाही, आणि तात्यांना कोणाच्या तरी रागाची गरज होती.

पट्ट्या संपल्या. सिगारेटच्या रकान्यात रोज शून्य पडू लागलं. तरी वही बंद होईना. चौकशी केल्यावर कळलं, कपाटात पावडरच्या डबीत एक सिगारेट आहे. जुनी मालमत्ता पुरती झिजली तरी पुस्तकात एक रुपया किमतीनं दाखवतात, हा रिवाज आहे, असं तात्यांनी मंडळाला समजावलं. मंडळ समजलं नाही. ३१ मार्चला डबी आमराईत हजर करायचं फर्मान निघालं.

मावशींनी डबी उघडली. सिगारेट काढून तळहातावर चुरली आणि क्षणभर, सवयीनं, हात नाकाशी नेला. सलीमभाई अर्धवट उठले. मावशींनी भुगा तिथेच झाडाखाली झटकला. "पानी वता," म्हणाल्या, आणि गुरुजींनी बाटली रिकामी केली.

तात्यांनी वही पुढे केली. "मावशी, इथं सही. एक रुपया निर्लेखित."

"सही करते. पर आदी त्या गोळीचं सांगा. दिसाला किती खाताय?"

"त्याची वही वेगळी आहे," तात्या म्हणाले आणि पिशवीतून कोरी करकरीत वही काढली. वर 'श्री'. सुरुवातीची शिल्लक, रोज आठ गोळ्या. घसारा, आठवड्याला दहा टक्के.

गुरुजींनी मनातल्या मनात हिशेब केला. "आठ, सात, सहा, पाच..." आणि थांबले. "तात्या, हे परत पाचावरच येतंय."

तात्या आभाळाकडे बघू लागले. मावशींनी त्यांच्या खिशातलं लाल पेन उपसलं, दहा टक्क्यांवर एक आडवी काट मारली आणि सलीमभाईंच्या हातात पेन देऊन म्हणाल्या, "लिवा. हप्त्याला येक कमी."