कितवी वारी?

वारीत कोणी कोणाचं नाव फारसं विचारत नाही. सगळेच माऊली. फार तर गाव विचारतात, तेही पंगतीत शेजारी बसल्यावर. अण्णा मात्र आळंदीला इंद्रायणीच्या घाटावर माणूस दिसला न दिसला तोच विचारतात, ‘‘कितवी?’’

‘पहिली’ म्हटलं की ते तुमच्या पायातल्या बुटांकडे बघतात आणि ‘‘बरं’’ म्हणतात. ‘पाच-सहा झाल्या’ म्हटलं तर ‘‘म्हणजे अजून सुरुवातच.’’ खरी पंचाईत होते ती समोरच्याचा आकडा अण्णांच्या आकड्यावरून गेला तर. मग उलटतपासणी सुरू. सलग का मध्ये खंड? आळंदीपासून चालता का पुण्यातून सामील होता? पायी, की सामानाच्या ट्रकवर? आणि ते पाहुण्यांतलं लग्न निघालं तेव्हा लोणंदहून घरी गेला होतात, ते वर्ष धरलंय का? कुठं ना कुठं एखादी वारी गळतेच, आणि अण्णा पुन्हा वर येतात.

अण्णांचा स्वतःचा आकडा मात्र वादात आहे. 2020 आणि 2021 साली करोनामुळे पायी सोहळा झाला नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. अण्णा त्या दोन्ही वर्षी प्रस्थानापासून एकादशीपर्यंत गळ्यात टाळ अडकवून रोज स्वतःच्या मळ्याला फेऱ्या मारत होते. त्या दोन वाऱ्या धरायच्या की नाहीत, यावर आमच्या दिंडीत दोन तट आहेत. अण्णांच्या बाजूच्या तटात अण्णा आहेत.

असा एक अण्णा प्रत्येक दिंडीत असतो, रथापुढच्या 27 दिंड्यांत असतो आणि रथामागच्यांतही असतो. शेत, सुना, नातवंडं, सोसायटीचं कर्ज हे सगळं मागं टाकून तो निघालेला असतो. ज्येष्ठता तेवढी पिशवीत घालून आणतो. वारीत लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. अण्णाही पडतात, फक्त समोरचा वाकायला लागल्यावर.

आमच्या अण्णांचं ज्ञान अफाट आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. कोणत्या तळावर चिखल होतो, कोणत्या गावात पिठलं-भाकरी मनापासून वाढतात आणि कुठं नुसता फोटोपुरता केळीवाटपाचा बोर्ड असतो, सगळं पाठ. पण हे ज्ञान कधीकधी अंगावर येतं. पहाटे टँकरला गर्दी होते म्हणून अण्णा अडीच वाजता स्वतः उठतात आणि कनवाळूपणे साऱ्या तंबूला उठवतात. साहजिकच अडीच वाजता टँकरला गर्दी होते. ‘‘बघा, म्हणालो नव्हतो?’’ असं म्हणत ते सर्वांत आधी बादली लावतात.

तंबूत त्यांची जागा ठरलेली. मधल्या खांबाला पाठ लागेल अशी. पाऊस आला तर कनातीखालून पाणी शिरतं ते कडेच्या लोकांत. खांबाजवळचा माणूस कोरडा राहतो. ही जागा भिशीच्या पैशांनी मिळत नाही, वर्षांनी मिळते. एका साली सासवडच्या मुक्कामी तिथं एक पोरगा झोपलेला सापडला. हिंजवडीतल्या कंपनीतला. एकादशी, त्यात पुण्याहून दिवे घाट चढून सासवडपर्यंतची सगळ्यात लांब मजल. एका दिवसापुरता आलेला पोरगा, घाटात पखवाज ऐकला आणि परतीची गाडी धरायचं विसरला. दिसली ती जागा बघून आडवा झाला.

अण्णांनी रात्र कनातीला टेकून काढली. सकाळी दिंडीप्रमुखांकडे तक्रार. प्रमुख हसून म्हणाले, ‘‘जाऊ द्या माऊली, लेकरू दमलं होतं.’’ अण्णा गप्प बसले, पण ते गप्प बसणं काही साधं नव्हतं.

सासवडनंतरच्या मुक्कामी, जेजुरीच्या तळावर, संध्याकाळी समाज आरती. तिथली पद्धत वाचकांना ठाऊक असेल. सगळ्या दिंड्या टाळ-मृदंग वाजवत गोळा होतात, चोपदार दंड उंच करतात आणि एवढा अफाट समुदाय एका क्षणात मुका होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिनं तेवढे टाळ वाजवत राहायचे. चोपदार तिच्यापाशी येतात, गाऱ्हाणं ऐकतात. हरवल्या-सापडल्याची घोषणाही इथंच होते. हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेली ही शिस्त आजही लाऊडस्पीकरवरच्या शंभर सूचनांना भारी आहे.

दंड वर गेला. तळ शांत झाला. आणि आमच्या दिंडीत एकच टाळ वाजला. किण्ण किण्ण किण्ण.

आमचे विणेकरी हादरले. तक्रार करायची तर दिंडीनं, एकट्यादुकट्यानं नाही. चोपदार वाट काढत येईपर्यंत सगळ्या माना आमच्याकडे. ‘‘बोला माऊली, काय अडचण?’’

एवढ्या समुदायापुढे ‘माझ्या खांबाजवळ पोरगा झोपला’ हे वाक्य अण्णांच्या तोंडातून निघेना. टाळाकडे बघत ते म्हणाले, ‘‘काही नाही माऊली. सवयीनं वाजला.’’

वाल्ह्याला त्या पोराचे पाय पार कामातून गेले. दोन्ही टाचांना लिंबाएवढे फोड. रात्री अण्णा त्याच्यापाशी येऊन बसले, टॉर्च तोंडात धरून. सुईत दोरा ओवला, तेलात बुडवला, फोडातून आरपार नेला आणि दोरा तसाच ठेवला, म्हणजे पाणी झिरपून जातं. पोरगा विव्हळत होता, अण्णा तोंडातल्या टॉर्चसकट शिव्या देत होते. त्यामुळे कोणती शिवी होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. काम झाल्यावर टॉर्च काढून म्हणाले, ‘‘पहिल्या वारीला फोड यायलाच पाहिजेत. नाही आले तर ती वारी धरत नाहीत.’’ नीरा स्नानाच्या दिवशी पोरगा चालू लागला आणि अण्णांच्या मागं टाळ धरायला शिकला. पुढं पंढरपूरपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला अण्णा सांगत होते, ‘‘हा आपल्या हाताखाली तयार झालाय.’’ जागा मात्र परत घेतली.

पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला. बहुतेक दिंड्यांचे ट्रक भरले गेले, माणसं एसटी स्टँडकडे पळायला लागली. अण्णा पिशवी बांधत असताना पलीकडच्या दिंडीतली एक वाळकी आजी काठी टेकत आली. अण्णांनी सवयीनं विचारलं. आजी म्हणाली, ‘‘मोजत न्हाई बाबा. जाताना येताना लई झाल्या.’’

‘‘जाताना?’’

‘‘मंग? माऊली परत चालतच जाते की आळंदीला. येताना समदीच येत्यात. जाताना तिच्यासंगं कोन असतंय?’’ आणि तिनं सरळ विचारलं, ‘‘तुमच्या परतवाऱ्या किती?’’

अण्णांनी वर आभाळाकडे पाहिलं. पेरणी खोळंबलीय म्हणाले. मग कोणाला तरी साताऱ्याच्या गाडीचा टायम विचारला.

गाडीत पंचाहत्तरी ओलांडल्याचं कार्ड दाखवून त्यांनी फुकट तिकीट घेतलं, खिडकी मिळवली. बराच वेळ बोलले नाहीत. महुद मागं पडल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळून म्हणाले, ‘‘परतवारी वेगळी असते हां. ती यात मोजत नसतात.’’