उडीवाले आणि दोरवाले

पंढरपूरला पायी गेलेला माणूस एसटीने आलेल्याकडे ज्या नजरेने बघतो, ती मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. विठोबा दोघांचा एकच, दर्शनाची रांगही एकच. पण एकाच्या तळपायाला फोड आहेत आणि दुसऱ्याच्या खिशात तिकीट. हीच नजर बघायची असेल तर अमेरिकेच्या सैन्याइतकी चांगली जागा नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या फोर्ट ब्रॅगची ८२वी एअरबोर्न डिव्हिजन पाठीला पॅराशूट बांधून विमानातून उडी मारते. केंटकी आणि टेनेसीच्या शिवेवर बसलेल्या फोर्ट कॅम्पबेलची १०१वी एअरबोर्न डिव्हिजन हेलिकॉप्टरने येते, आणि हेलिकॉप्टरला टेकायला जागा नसली तर दोरावरून घसरत उतरते. पहिल्याला उडीवाला म्हणू, दुसऱ्याला दोरवाला. समोरच्याला नीट पोचता येत नाही, याबद्दल दोघांचीही खात्री आहे. वर्षानुवर्षं चाललेलं हे भांडण उडी मोठी की दोर मोठा याचं आहे, असं दोघंही सांगतात. मला ते पटत नाही. जमिनीला पाय लागल्यावर दोघांनाही चालावंच लागतं, आणि हे कुणी मोठ्याने बोलून दाखवू नये म्हणून ही सगळी आरडाओरड चालते.

उडीवाला ओळखायला सोपा. डोक्यावर मरून रंगाची बेरे टोपी, सणासुदीच्या गणवेशात पँटचे पाय चकाकत्या बुटांत खोचलेले, आणि छातीवर चांदीचे पंख. त्याच्या छावणीत साधा नमस्कार चालत नाही. हाताखालचा सलाम ठोकताना ‘ऑल द वे’ म्हणतो आणि साहेब ‘एअरबोर्न’ म्हणून पावती देतो. मनुष्यजातीचे त्याने दोन वर्ग पाडले आहेत: उडी मारणारे आणि ‘लेग’. लेग म्हणजे नुसते पाय असलेला शिपाई. आधी ‘घाणेरडा’ हे विशेषण लावायची पद्धत आहे. पंख मिळवायला जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगला तीन आठवडे आणि पाच उड्या लागतात. पण पाचावरच थांबलेल्याला उडीवालेच टोमणे मारतात, म्हणजे जातीत पोटजात आलीच. उडीसाठी त्याला वेगळा भत्ता असतो; कित्येक वर्षं तो महिन्याला १५० डॉलर होता. प्रश्न पैशाचा नाही, असं तो आधी सांगतो आणि मग आकडा सांगतो. एक गोष्ट मात्र तो सहसा सांगत नाही: उडी असते मिनिटभराची आणि तिच्यासाठी वाट बघणं असतं दिवसभराचं. पट्टे आवळून, पोटाशी बोजा टांगून, लघवीलासुद्धा जाता येणार नाही अशा अवस्थेत तो तासन्‌तास बाकावर बसून असतो. मग वारा वाढतो आणि उडी रद्द होते. मुहूर्त टळून गेला तरी मुंडावळ्या न सोडलेल्या नवरदेवासारखा तो तिथेच बसलेला असतो.

दोरवाल्याचा थाट वेगळा. त्याची शाळा दहाच दिवसांची. पण सैन्यातले सर्वांत खडतर दहा दिवस, अशी तिची जाहिरात तो स्वतःच करतो. पहिल्या दिवसाच्या आधी एक ‘शून्य दिवस’ असतो आणि तो दहांत धरत नाहीत. हिशेबाची ही रीत आपल्याकडच्या मंगल कार्यालयांना आवडेल. या शाळेत डावा पाय जमिनीला लागला की ‘एअर असॉल्ट’ असं ओरडायचं, दर पावलाला. त्यामुळे छावणीत कोण कुठून कुठे निघालंय हे डोळे मिटूनही कळतं. शेवटी पाठीवर ओझं घेऊन तीन तासांत १२ मैल चालायचं. पण पुष्कळांचा बळी चालण्यात जात नाही, हेलिकॉप्टरखाली टांगायच्या बोज्याच्या तपासणीत जातो. दोन मिनिटांत बोज्याभोवती फिरायचं आणि कुठली साखळी उलटी लागली, कुठली पट्टी सुटली ते हुडकायचं; भर पंगतीत मठ्ठ्यातल्या मिठाची खोड काढणाऱ्या व्याह्याची नजर इथे उपयोगी पडते. ही नजर घेऊन दोरवाला उडीवाल्याकडे बघतो आणि म्हणतो, अरे, तुम्ही रात्री मैलोगणती विखुरता आणि एकमेकांना हुडकण्यात पहाट करता. आम्ही सगळे एका शेतात, एका वेळी, पायांवर उतरतो. शिवाय परतीची सोयही आमच्याकडेच. आकाशातून पक्ष्यांची शीट आणि मूर्ख या दोनच गोष्टी आपोआप खाली पडतात, हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. उडीवाला त्याला ‘दोरीवरचा ठोंब्या’ म्हणतो आणि त्याच्या बाहीवरच्या गरुडाला कोंबडी. उडीवाल्याच्या बाहीवर दोन ‘ए’ असतात. १९१७ साली ही डिव्हिजन उभी राहिली तेव्हा देशाच्या सगळ्या ४८ राज्यांतली माणसं तिच्यात होती, म्हणून ‘ऑल अमेरिकन’. दोरवाला त्या दोन अक्षरांचा अर्थ दारू सोडवणाऱ्या एका प्रसिद्ध मंडळाच्या नावाने लावतो.

आता मुळावर येऊ. हे दोघे सख्खे भाऊ आहेत. ऑगस्ट १९४२ मध्ये लुइझियानातल्या कॅम्प क्लेबोर्नला जुन्या ८२व्या डिव्हिजनचे दोन वाटे झाले. एक ८२वी एअरबोर्न, दुसरी १०१वी. म्हणजे मुळात दोघेही आकाशातून पडणारे. ६ जून १९४४च्या पहाटे नॉर्मंडीत दोघांनी उड्या मारल्या. पुढे व्हिएतनाममध्ये १०१वीला हेलिकॉप्टर मिळालं, १९७४ साली तिच्या नावामागे ‘एअर असॉल्ट’ लागलं आणि डिव्हिजन म्हणून उड्या थांबल्या. पण गरुडाच्या डोक्यावरची ‘एअरबोर्न’ ही पट्टी तशीच राहिली. उडीवाल्याच्या पोटात दुखतं ते इथे. देशमुखी गेली, वतन गेलं, आडनाव तेवढं देशमुख, असं त्याचं म्हणणं. आणि आडनावाचा दाखला मागणारा भाऊ जितका तावातावाने बोलतो तितक्याच तावातावाने तो बोलतो. त्यात भर म्हणजे जगभर ज्यांना लोक उडीवाले म्हणून ओळखतात ती २००१ सालच्या ‘बँड ऑफ ब्रदर्स’ मालिकेतली ईझी कंपनी निघाली १०१वीची. उड्या मारायचं सोडून दिलेल्या भावाच्या आजोबांवर मालिका निघावी, हे दुःख भाऊबंदकी पाहिलेल्यालाच कळेल. दोरवाल्याने मात्र यावर फार हसू नये. दोरीला लटकण्यावरून त्याला रोज बोलणी खावी लागतात. पण उडीवाल्यांच्या घराण्यातला सर्वांत प्रसिद्ध शिपाई जॉन स्टील हा नॉर्मंडीतल्या सँत-मेर-एग्लीझ गावच्या चर्चच्या मनोऱ्याला पॅराशूटच्या दोऱ्यांनी लटकूनच प्रसिद्ध झाला. आजही तिथे त्याचा पुतळा टांगलेला असतो. दोरीचं वावडं कुणालाच परवडणारं नाही.

माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा मात्र त्यांच्याच पराक्रमांत आहे. १०१वीचं नाव ज्या एका शब्दाने अजरामर केलं तो शब्द म्हणजे बेल्जियममधलं बास्तोन. डिसेंबर १९४४, गोठवणारी थंडी, जर्मनांचा वेढा, शरण या म्हणून आलेला निरोप आणि त्यावर जनरल मॅकऑलिफ यांचं ‘नट्स’ हे एका शब्दाचं उत्तर. पण बास्तोनला ही डिव्हिजन पोचली कशी? उघड्या ट्रकमध्ये दाटीवाटीने उभी राहून, बैलबाजाराला जावं तशी. ८२वी त्याच लढाईत उत्तरेकडच्या आघाडीवर गेली, तीही ट्रकनेच. त्याआधी सप्टेंबरात हॉलंडमध्ये ८२वीच्या जवानांनी भरदिवसा गोळीबारात वाल नदी ओलांडली. ती कामगिरी आजही मान खाली घालून ऐकावी अशी आहे. आणि वाहन होतं कॅनव्हासच्या होड्या. वल्ही पुरली नाहीत तेव्हा त्यांनी बंदुकीच्या दस्त्यांनी पाणी कापलं. १९९१च्या आखाती युद्धात दोरवाल्याने हेलिकॉप्टरांचा प्रचंड ताफा घेऊन इराकच्या आत मजल मारली आणि त्याची हौस फिटली. उडीवाला त्याच वाळवंटातून गाडीत बसून गेला. त्याआधीच्या ऑगस्टात सौदी अरेबियात सर्वांत आधी येऊन उभा राहिला तो उडीवालाच. समोर रणगाडे आणि हातात हलकी हत्यारं, म्हणून त्याने स्वतःलाच ‘गतिरोधक’ म्हणून घेतलं होतं. या माणसाबद्दल मला आदर वाटतो तो या विनोदासाठी. पंखांपेक्षा हा दागिना मोलाचा आहे.

यावर कुणी म्हणेल, हा अन्याय झाला. रात्री, हजारेक फुटांवर, वाऱ्याने फडफडणाऱ्या दारातून पुढच्याच्या पाठोपाठ पाऊल टाकायला जे काळीज लागतं त्याला तुम्ही एसटीच्या तिकिटाच्या मापाने मोजता. मान्य, त्या दाराबद्दल मी एक अक्षर उणं बोलणार नाही. हुकूम आला की अठरा तासांत जगात कुठेही निघायची तयारी ठेवणारी तुकडी ८२वीत असते, आणि असा बाणा रोज अंगात ठेवायला पॅराशूट हे चांगलं औषध असावं. पण अभिमान नुसत्या काळजाचा असता तर मोहरीच्या डागाचं इतकं वेड लागलं नसतं. लढाईत उडी मारली की चांदीच्या पंखांवर एक पिवळा ठिपका चढतो. सँडविच खाताना सांडल्यासारखा दिसतो म्हणून त्याला मोहरीचा डाग म्हणतात. १९८९ला पनामात उडी मारलेल्यांना तो मिळाला. सप्टेंबर १९९४मध्ये हैतीकडे निघालेल्या उडीवाल्यांनी भरल्या विमानांत तो जवळपास छातीवर लावूनच घेतला होता. तेवढ्यात माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या शिष्टाईने तोडगा निघाला आणि विमानं वाटेतूनच माघारी वळली. एकही गोळी न झाडता युद्ध टळलं, याबद्दल इतक्या निरोगी तरुणांचे चेहरे एकाच वेळी क्वचितच इतके पडले असतील. आणि दुसऱ्या दिवशी विमानवाहू जहाजावरून हेलिकॉप्टरने हैतीत उतरली ती १०वी माउंटन डिव्हिजन. म्हणजे उडीवाल्याच्या कोशात निव्वळ लेग, आणि दोरवाल्याच्या हिशेबात परक्याच्या हाती गेलेलं आपलं वाहन. दोघे भाऊ एकाच दिवशी, एकाच कारणाने रुसल्याचं हे चांगलं उदाहरण आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर दिसतो: मरण्या-मारण्याच्या धंद्यातल्या माणसांनी असला पोरकटपणा करावा का? पण टवाळीची ही भाषा वाड्याबाहेर चालत नाही. दोन्ही डिव्हिजन अठराव्या एअरबोर्न कोरच्या हाताखाली येतात. चुली वेगळ्या, पण सातबारा एक. कित्येकांच्या छातीवर दोन्ही बिल्ले एकाखाली एक असतात. नौदलाच्या माणसाने गरुडाला कोंबडी म्हणून बघावं. पहिला हात उडीवाल्याचा उठेल. आपल्याकडेही काही वेगळं नाही. डिसेंबर १९६१मध्ये पणजीत शिरली ती ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५०वी पॅराशूट ब्रिगेड, आणि ती आली जमिनीवरून, मांडवी ओलांडून. हेच सगत सिंग १९७१ साली हेलिकॉप्टरांतून आपलं सैन्य मेघना नदीपार नेत होते, आणि त्याच दोन-तीन दिवसांत टांगाइलला आकाशातून उतरली २ पॅरा, जी मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण. पायी, दोर, उडी, सगळं एकाच वहीत. गोव्यातल्या कुणी त्यांना ‘उडी मारून का नाही आलात’ असं विचारलं नसावं.

या सगळ्या वादात सर्वांत अडचणीत सापडतो तो बदली झालेला माणूस. अमेरिकन सैन्यात डाव्या दंडावर सध्याच्या तुकडीचं चिन्ह असतं आणि उजव्या दंडावर, ज्या तुकडीबरोबर युद्ध बघितलं तिचं. त्यामुळे फोर्ट ब्रॅगवर डावीकडे दोन ‘ए’ आणि उजवीकडे गरुड घेऊन हिंडणारे लोक भेटतात. असा माणूस कॅन्टीनमध्ये शिरला की आधी कोण कुठे बसलंय ते बघतो, मग भिंतीला कुठला खांदा लावायचा ते ठरवतो, आणि शक्यतो कोपऱ्यातलंच टेबल पकडतो.