नवं काय ऐकावं?

नवं काही ऐकायला सुचवा, असं लोक म्हणतात आणि वर बजावतात, राजकारण नको. महाराष्ट्रात राहून हे जमायचं कसं? मुंबईच्या 'स्वदेसी' या हिप-हॉप मंडळींचं 'द वारली रिव्होल्ट' ऐका म्हटलं, तर आरेचं जंगल आणि आदिवासी पाडे आलेच. मराठी रॅप सुचवावं, तर 2023 मध्ये सत्तांतरातल्या खोक्यांवर रॅप करणाऱ्या पोरावर अंबरनाथला गुन्हा दाखल झालेला. गाण्याचे शब्द इतक्या बारकाईने ऐकणारा श्रोता हल्ली पोलीस ठाण्यातच मिळतो. (बाकीचे आपण ठेका धरून मोकळे.)

बरं, नुसत्या वाद्यसंगीताकडे वळावं, तर तुतारी! 2024 च्या लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. काही अपक्षांच्या वाट्याला नुसती तुतारी, म्हणजे लोकांच्या तोंडची पिपाणी. साताऱ्यात या पिपाणीने 37 हजारांवर मतं फुंकून नेली आणि पवारांचा उमेदवार पडला 32 हजारांवर काही मतांनी. शाळेतला संगीताचा तास गणिताच्या सरांना देऊन टाकणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा फळ्यावर मांडावीच.

पहाटेला भटियार ऐका, असं सांगायचीही सोय नाही. 2019 मधल्या फडणवीस आणि अजित पवारांच्या त्या भल्या सकाळच्या शपथविधीपासून पहाट म्हटलं की लोक आधी हसतात. ते सरकार चार दिवसही टिकलं नाही. गवई मात्र पुढे तंबोरे नव्याने जुळवून परत एकाच मंचावर आले.