म्हटलं होतं ना मी!

जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही गावात एक अण्णा असतातच. 2000 साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं, तेव्हापासून आजतागायत त्यांनी एकही प्रश्न अनुत्तरित ठेवलेला नाही. हॉट सीटवर बसायचं तेवढं राहून गेलंय.

रात्री नऊला घराचं दार आतून बंद असतं, कारण अंधार पडला की उसातला बिबट्या गल्लीत फेरी मारतो. विहिरीवरच्या मोटारीला ऑटो बसवलेला आहे. लाईट आली की ती आपली आपण चालू होते. अण्णांचंही तसंच. बच्चन दिसले की चालू.

प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत अण्णा ‘बी!’ म्हणून मोकळे होतात. पर्याय दिसले की ‘नाय नाय, सी.’ स्पर्धक विचारात पडला की ‘ए पण असू शकतं.’ डी ते मनात ठेवतात. मग उत्तर काहीही निघो, ‘म्हटलं होतं ना मी!’ मनातल्या डीचा पुरावा मागणार कोण?

सप्टेंबर 2019 मधला एक भाग मात्र अण्णांच्या कारकिर्दीतला सर्वोच्च. समोर अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे. शाळेत खिचडी शिजवायच्या, महिन्याला दीड हजार मिळायचे. अण्णांनी उशी मांडीवर घेत निकाल दिला, ‘दहा हजारांवर थांबती बघ ही.’ 3 लाख 20 हजार झाले तेव्हा अण्णा म्हणाले, ‘बाई बरी आहे.’ 25 लाखांना ती ‘आपली बाई’ झाली, आणि 50 लाखांना अण्णांनी तिला जवळजवळ जुन्नर तालुक्यातच आणून वसवलं.

मग एक कोटीचा प्रश्न आला. बहादूरशाह जफरच्या दरबारातल्या कोणत्या कवीने ‘दास्तान-ए-गदर’ लिहिलं? ‘गालिब!’ अण्णा उठून उभेच राहिले. ‘दुसरा आहे कोण तिथं?’ बाईंनी शांतपणे जहीर देहलवी सांगितलं आणि एक कोटी जिंकले. अण्णा खाली बसले. ‘म्हटलं होतं ना मी, माणूस दिल्लीचाच असणार.’

घरात एकच मोबाइल आहे, आपल्याला एक मोबाइल हवाय, असं त्या म्हणाल्या तेव्हा वहिनींनी अण्णांच्या हातातल्या दोन मोबाइलांकडे पाहिलं. अण्णांनी आवाज वाढवला. टीव्हीचा.

सात कोटींना प्रश्न होता, कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? अण्णांनी काश्मीरपासून सुरुवात केली; बिहार लागेपर्यंत बाईंनी खेळ सोडला होता. अण्णा खवळले. ‘सोडायचं नसतं! मोठ्या खेळाला काळीज लागतं!’

‘दाजी, चुकली असती तर कोटीवरून तीन लाख वीस हजारांवर आली असती,’ मंचरहून आलेला मेहुणा म्हणाला.

‘येऊ दे की! खेळ म्हणजे खेळ.’

अण्णांची खरी तक्रार निराळीच आहे. आपल्या भागातले प्रश्नच येत नाहीत. नाणेघाटाच्या लेण्यातली सातवाहन राणी कोण? नागनिका. खोडदच्या दुर्बिणीला तबकड्या किती? 30, एकेक 45 मीटर व्यासाची. अष्टविनायकांतले जुन्नर तालुक्यात किती? दोन, ओझर आणि लेण्याद्री. ‘अन् राज्यप्राणी शेकरू? तो आमच्या आंबेगावात, भीमाशंकरला,’ मेहुणा मध्येच घुसवतो. अण्णा अभयारण्याचा निम्मा भाग तिथल्या तिथे खेड तालुक्याला देऊन टाकतात.

अण्णांच्या काळजाची परीक्षा झाली 2023 साली, नारायणगावच्या टोमॅटो बाजारात. उन्हाळ्यात भाव इतका पडला की तोडणीची मजुरी निघेना. अण्णांनी ऑडियन्स पोल घेतला; पारावरचं शंभर टक्के मत पडलं, ‘लावू नका.’ अण्णांनी नर्सरीत सांगून ठेवलेली रोपं रद्द केली. खेळ सोडला. जुलैमध्ये 20 किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला. तालुक्यातल्याच एका शेतकरी कुटुंबाने महिनाभरात 13 हजार क्रेट विकून दीड कोटींच्या वर कमावल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. कोट नाही, कॉम्प्युटरजी नाहीत, आणि करोडपती शेजारच्या शिवारात!

अण्णांनी दुसऱ्याच दिवशी रोपं आणली. पण बातमी काय एकट्या अण्णांनी वाचली होती? साऱ्या तालुक्याने ‘लॉक’ केलं. सप्टेंबरात भाव पुन्हा आपटला, आणि अण्णांचे तोडे सुरू झाले तेव्हा क्रेटचं भाडंसुद्धा निघेना.

‘काय दाजी,’ मेहुण्याने खोचून विचारलं, ‘आलात ना तीन लाख वीस हजारांवर?’

‘तेवढे तरी कुठं राह्यलेत!’ अण्णा म्हणाले. ‘पण पाव्हणं, उत्तर चुकलं असेल, खेळ सोडला का आपण?’ आणि त्यांनी पुढच्या हंगामाची रोपं सांगायला नर्सरीला फोन लावला. दोन्ही मोबाइलवरून.