मोबाइल कंपन्यांच्या जाहिरातींतील वाणीविचार

बोलणे विकणाऱ्या कंपन्यांनी आपल्या काही सर्वांत गाजलेल्या जाहिरातींत कोणालाही धड बोलू दिलेले नाही, या विसंगतीकडे अभ्यासकांचे अद्याप लक्ष गेलेले नाही. या विषयाला दुसरा अभ्यासक नसल्यामुळे हा दोष कोणाच्या माथी मारावा, हाही प्रश्नच आहे. प्रस्तुत प्रबंधात आम्ही परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी या चार वाणी घेऊन सदर जाहिरातींची व्यवस्था लावली आहे. वाणी चारच आहेत आणि कंपन्या पुष्कळ. तेव्हा काहींना उभे राहावे लागेल.

परा वाणी नाभीत वसते व ऐकू येत नाही. तिच्या पीठावर आम्ही हचच्या २००३ सालच्या जाहिरातीतील पग जातीच्या कुत्र्याची स्थापना करतो. गोव्यात चित्रित झालेल्या या जाहिरातीत मुलगा पुढे चालतो, कुत्रा मागे चालतो आणि कथानक संपते. तुम्ही जाल तिथे आमचे नेटवर्क, एवढा अर्थ त्यातून निघतो. कुत्रा संपूर्ण काळात भुंकत नाही. मुळात मुलामागे धाकटी बहीण चालवण्याचा विचार होता, अशी कथा जाहिरातकारांच्या परंपरेत सांगितली जाते. तो विचार मागे पडला, हे शास्त्राचे भाग्य. धाकटी बहीण मागे मागे गेली असतीच, पण दादा कुठे कुठे गेला होता हे संध्याकाळी आईला सांगितल्याशिवाय तिला जेवण गेले नसते. (आपण कुठे कुठे गेलो याची नोंद नेटवर्कही ठेवते, पण त्या काळी हे फक्त पोलिसांना ठाऊक होते.)

येथे पूर्वपक्ष असा : कुत्रा मुळात बोलतच नाही, मग त्याच्या मौनाचे कौतुक कसले? उत्तर असे की, काळ पाहावा. २००३च्या मे महिन्यात इनकमिंग फुकट झाले. त्याआधी फोन करणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही पैसे पडत. अशा आर्थिक वातावरणात मौन हा कुत्र्याचा स्वभाव असेल, माणसांची ती काटकसर होती. या काटकसरीतून देशाने मिस्ड कॉल नावाची वाणी घडवली. ‘पोचलास की एक मिस्ड कॉल दे’ या आज्ञेच्या पालनात शब्द नाही, खर्च नाही, आणि तरी निरोप पोचतो. परा वाणीचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हांस अन्यत्र आढळले नाही. कंपन्यांनी मात्र तिची जाहिरात कधी केली नाही. कारण उघड आहे.

पश्यंतीचे पीठ तूर्त रिकामे आहे. एअरटेलसाठी ए. आर. रहमान यांनी २००२ साली केलेली धून तेथे बसवावी, असा एक पक्ष आहे. परंतु पश्यंती म्हणजे पाहणारी, ती ऐकण्याची वस्तू नव्हे, आणि ही धून तर ऐन कीर्तनात पहिल्या रांगेतून ऐकू येत असे. दुसरा पक्ष व्होडाफोनच्या २०१७ सालच्या आशा आणि बाला या गोव्यात फिरायला आलेल्या वृद्ध दांपत्याचा. ती कामे धनंजयन पतिपत्नींनी केली होती. भरतनाट्यमच्या या थोर कलावंतांनी हस्तमुद्रा आणि डोळे यांवर आयुष्य घालवले. म्हणजे अधिकारी पुरुष आणि अधिकारी स्त्री दोन्ही हाती आले होते. पण कंपनीने नेमके त्यांनाच संवाद दिले. असो.

मध्यमा कंठात असते. तिथे आवाज आहे, पण शब्द अजून फुटलेला नाही. हे व्होडाफोनच्या झूझूचे क्षेत्र. २००९ साली लोकसभा निवडणुकांमुळे आयपीएल दक्षिण आफ्रिकेत गेली. त्या हंगामात ओगिल्व्ही या जाहिरातसंस्थेच्या कल्पनेतले, प्रकाश वर्मा यांनी दिग्दर्शित केलेले हे पांढरे जीव सुमारे तीस जाहिरातींतून अवतरले. रोज नवी जाहिरात येई, आणि सामन्यातल्या षटकांपेक्षा मधल्या विश्रांतीकडे डोळे लागत. झूझू संगणकाने काढले आहेत, अशी घरोघरी समजूत होती. वस्तुतः आत माणसे होती, बहुतेक सडपातळ स्त्रिया, म्हणजे डोके अधिकच मोठे दिसावे. चेहऱ्यावरचे हसू आणि रडू रबराचे असून ते वरून चिकटवत. चित्रणही केप टाउनला झाले. नेहमीपेक्षा कमी, सेकंदाला वीसच चौकटी टिपल्यामुळे त्यांची चाल लगबगीची वाटते. वैयाकरणांनी यास लोप म्हणावे.

झूझूला भरघोस पोट आहे, पण बेंबी नाही. नाभीच नसल्याने त्याला परा वाणी संभवत नाही, हे आमच्या सिद्धान्ताचे सर्वांत भक्कम प्रमाण. तो जे चिवचिवतो ते कोणत्याच भाषेत नाही, म्हणून चंदगडपासून चंदीगडपर्यंत सर्वांना सारखेच कळते. भाषावार प्रांतरचनेनंतर एवढे मोठे भाषिक ऐक्य आमच्या पाहण्यात नाही.

उरली वैखरी. ती मुखात असते आणि ते मुख अभिषेक बच्चन यांचे. ‘व्हॉट ॲन आयडिया सरजी’ ही आयडिया कंपनीची मालिका २००७ची, म्हणजे झूझूंच्या आधीची. मौनाकडून बोलण्याकडे जाणाऱ्या आमच्या मांडणीत ती शेवटी यायला हवी होती. हा कालगणनेचा दोष समजावा. आयडियाला बोलण्याची भीड नव्हती. चालता चालता बोला म्हणजे प्रकृती सुधारेल, हे तिने डॉक्टरच्या तोंडून सांगितले, आणि गॅलरीत येरझाऱ्या घालणाऱ्या समस्त काकांना वैद्यकीय आधार मिळाला. दुसऱ्या एका जाहिरातीत जातींवरून पेटलेल्या गावाला उपाय सुचवला की, माणसांना नावाऐवजी मोबाइल नंबराने ओळखावे. जात जावी ही इच्छा उत्तम. पण नंबर आले तसे फॅन्सी नंबरही आले. ज्याच्या शेवटी चार साते, तो जादा पैसे मोजून वरच्या पंगतीला बसला. ज्याचा नंबर दोनदा सांगूनही चुकीचा लिहिला जातो, तो अजून खालीच आहे.

२०१८ साली व्होडाफोन आणि आयडिया एकत्र झाल्या. मुंबईच्या जुन्या ग्राहकाने एकाच नंबरावर मॅक्सटच, ऑरेंज, हच आणि व्होडाफोन असे चार अवतार आधीच पाहिले होते. २०२० साली त्याला व्ही हा पाचवा मिळाला. न भुंकणारे कुत्रे, चिवचिवणारे झूझू आणि न थांबणारे सरजी अशा रीतीने एका छपराखाली आले. तीन वाणी एका घरात नांदण्याचा हा पहिलाच योग असल्याने आम्ही प्रबंध येथेच थांबवणार होतो.

परंतु एक अडचण राहते. या जाहिराती सोडल्या, तर कंपनी स्वतः आपल्याशी जे बोलते ते एवढेच : आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती सध्या संपर्क क्षेत्राबाहेर आहे. उच्चार स्वच्छ, व्याकरण निर्दोष, आवाज कमालीचा नम्र, म्हणजे लक्षणे सारी वैखरीची. पण आशय असा की, बोलणे होणार नाही. या सूचनेसाठी पाचवी वाणी कल्पावी, की पश्यंतीचे रिकामे पीठ तिलाच द्यावे, याबाबत आम्ही एका विद्वान स्नेह्यांना फोन लावला होता. उत्तर हेच आले.