आमदारांसाठी राखीव

एसटीच्या गाडीत काही जागा कागदोपत्री फार मानाच्या असतात. स्त्रियांसाठी, अपंगांसाठी, स्वातंत्र्यसैनिकांसाठी, पत्रकारांसाठी आणि त्यांच्याच पंक्तीला आमदारांसाठी. बाकीच्या जागांवरून रोज कुठे ना कुठे वाद होतो. आमदारांच्या जागेवरून झालेला वाद मात्र मी ऐकलेला नाही. तिथे बाजाराला निघालेली पाटी बसते, कंडक्टरच्या ओळखीतलं कुणीतरी बसतं, एखादी करवली हातातली ओटी सांभाळत बसते. आमदार चढतील आणि आपल्याला उठावं लागेल, या धास्तीनं तिथे अवघडून बसलेला उतारू महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. आमदार हे काळ्या काचेआडून जातात, पुढेमागे आणखी दोन-तीन गाड्या घेऊन जातात, आणि एसटीला बाजूला घ्यायला लावतात, एवढाच त्यांचा एसटीशी संबंध.

सांगोल्याच्या वाटेवर ही धास्ती बाळगायला जागा होती. तिथले आमदार खरोखरच एसटीनं फिरायचे. गणपतराव देशमुख, तालुक्याच्या तोंडी आबा किंवा आबासाहेब. अकरा वेळा निवडून आलेला माणूस आपल्या शेजारी बसलाय म्हटल्यावर खिशातल्या शेंगा खाव्यात की न खाव्यात, असा प्रश्न उतारूला पडत असणार. माझा अंदाज असा की, दोन थांब्यांनंतर शेंगा निघत असणार आणि त्यांच्यासोबत सातबाराची झेरॉक्सही.

अकरा वेळा म्हणणं सोपं आहे. तपशिलात गेलं की दम लागतो. १९६२ ला पहिल्यांदा विधानसभेत गेले तेव्हा पस्तिशीतले वकील होते. मग १९६७. १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, ते १९७८, १९८०, १९८५, १९९० असे टिकून राहिले. १९९५ ला पुन्हा हरले. १९९९ पासून २००४, २००९, २०१४. शेवटच्या खेपेला नव्वदीकडे झुकलेले होते. या सगळ्या काळात मतदारसंघ एक, सांगोला. पक्ष एक, शेतकरी कामगार पक्ष. आपल्याकडे हल्ली आमदार सकाळी कोणत्या पक्षात उठला आणि रात्री कोणत्या पक्षात झोपला याची नोंद ठेवायला वर्तमानपत्राची एक आवृत्ती पुरत नाही. हा गृहस्थ पन्नासहून अधिक वर्षं एकाच लाल बावट्याखाली बसून राहिला. बसून राहण्यालाही कर्तबगारी लागते, हे पटायला मला बराच वेळ लागला.

अकराहून मोठे आकडेही देशात आहेत. तमिळनाडूत करुणानिधी १३ वेळा निवडून आले, एकदाही हरले नाहीत. पण मतदारसंघ बदलत गेले. केरळात के. एम. मणी पाला सोडून कुठे गेले नाहीत, १९६५ पासून तिथेच निवडून येत राहिले, आणि वर १३ अर्थसंकल्प मांडले. म्हणजे त्यांच्या हातात तिजोरीची किल्ली होती. आबांची गोष्ट मला म्हणूनच निराळी वाटते. मंत्रिपद दोनदाच आलं, १९७८ ला पुलोदच्या, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या, सरकारात आणि १९९९ ला विलासराव देशमुखांबरोबर, आणि दोन्ही खेपा अर्ध्यावर मोडल्या. बाकी सगळी आमदारकी मुख्यतः विरोधी बाकावर.

त्या बाकावरून त्यांनी पाहिलेले मुख्यमंत्री मोजायला बसलो तर यशवंतराव चव्हाणांपासून देवेंद्र फडणवीसांपर्यंत यादी जाते. कन्नमवार, वसंतराव नाईक, वसंतदादा, अंतुले, बाबासाहेब भोसले, सगळे त्यांच्यासमोर आले आणि गेले. निसटले ते मनोहर जोशी आणि नारायण राणे. त्या दोघांचा काळ नेमका आबांच्या १९९५ च्या पराभवात बसला. इमारतसुद्धा बदलली. रीगल सिनेमासमोरच्या ज्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये त्यांनी पहिली शपथ घेतली, तिथे आता पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. विधानभवन १९८१ ला नरिमन पॉइंटला गेलं. आबा फक्त बाक बदलून तिकडे बसले.

विरोधी बाकावरच्या आमदाराचा दिवस कसा जातो, याची फार थोड्यांना कल्पना असते. सत्तेतल्या आमदाराला काम करून घ्यायचं तर मंत्र्याच्या दालनात एक चहा घ्यावा लागतो. विरोधकाला नियम पाठ असावे लागतात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, औचित्याचा मुद्दा. त्यातला तारांकित प्रश्न मला फार प्रिय आहे. आमदार विचारतो, 'अमुक तालुक्यात पाण्याची तीव्र टंचाई निर्माण झाली आहे, हे खरे आहे काय?' आणि शासन पूर्ण विचारांती उत्तर देतं, 'अंशतः खरे आहे.' विहीर कोरडी, हंडे कोरडे, जनावरांच्या जिभा कोरड्या, पण टंचाई अंशतः. त्याच्या खाली उपप्रश्न असतो, असल्यास कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. उत्तर, 'प्रश्न उद्भवत नाही.' असलं उत्तर वाचून मी दुसऱ्याच अधिवेशनाला राजीनामा दिला असता. काही माणसं पुढच्या अधिवेशनाला तोच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा टाकतात. आबा त्या जातीचे. पावसाळी अधिवेशन मुंबईला, हिवाळी नागपूरला, आणि सांगोल्यात पाऊस दोन्ही वेळा नाही.

सांगोला म्हणजे माणदेश. माण नदीचं नाव नदी असलं तरी वर्षातला बराचसा काळ ती वाळूची असते. खिलार बैल, मेंढरं, बोरं, ज्वारी, आणि रविवारचा जनावरांचा बाजार. पंढरपूर जवळ, म्हणून देवही जवळ, पण पाऊस त्याच्याही हातात नसावा. इथला आमदार होणं म्हणजे पाण्याबद्दल बोलणं. तेही वर्षानुवर्षं एकाच सुरात, कारण परिस्थितीही त्याच सुरात असते. नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली तेव्हा आबा त्यात पुढे होते. मागणी ऐकायला साधी होती. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं वर चढवत दुष्काळी मुलखात न्यायचं. पाणी उताराकडे जातं हे शाळेत शिकलेलं. ते चढावर न्यायचं तर वीज लागते, पैसा लागतो आणि सर्वांत जास्त लागतं ते म्हणजे कंटाळा न येणं. सरकारं बदलतात तशी फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर येते आणि तिथे तिची ओळख असलेला एखादा माणूस उभा असावा लागतो.

यावर एक बोचरा प्रश्न आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. पन्नास वर्षं एकच आमदार, आणि तालुका पन्नास वर्षं दुष्काळी, मग आमदारानं केलं काय? सांगोल्याच्या चहाच्या टपऱ्यांवर हा प्रश्न विरोधकांनी भरपूर वापरलेला असणार. मला तो अर्धा रास्त वाटतो. सत्तेच्या बाहेर राहण्याची किंमत पुढाऱ्यापेक्षा मतदारसंघ जास्त मोजतो; मंत्री असलेल्या गावाचा रस्ता आधी होतो, हे उघड गुपित आहे. पण दुसरा अर्धाही आहे. कापसासाठी ज्या तालुक्याचं नाव कुणी घेत नाही तिथे त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी गिरण्यांची धुराडी थंड पडली असताना ती चालू राहिली. १९९० च्या सुमारास रोजगार हमीतून फळबागा लावायची योजना आली, आणि खडकाळ, उथळ जमिनीच्या या मुलखानं डाळिंब असं काही उचललं की माळाचा रंग बदलला. पुढे तेल्या रोगानं बागा झोडपल्या, तरी लोक पुन्हा लावत राहिले. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. टँकरची वाट पाहण्यात ज्या तालुक्याचे उन्हाळे गेले, त्याची फळं हावड्याच्या बाजारात. याचं श्रेय एकट्या आमदाराला देणं हा शेतकऱ्यांवर अन्याय होईल, आणि अजिबात न देणं हा आमदारावर.

आता पराभवांकडे वळतो, कारण मला दीर्घ कारकिर्दीत तेच भाग रुचकर वाटतात. १९९५ ला आबा हरले ते १९२ मतांनी. १९२ मतं म्हणजे आपल्याकडच्या लग्नातली पहिली पंगत. त्यातली निम्मी माणसं वाढपी समोर येईपर्यंत कुणाच्या बाजूची ते कळत नाही. त्या रात्री तालुक्यात किती जणांनी 'आमच्या भावकीनं ठरवलं असतं तर' असं म्हटलं असेल, याचा हिशेब करवत नाही. हरवणारे होते शहाजीबापू पाटील. नंतर तेच बापू आबांकडून अनेकदा हरले आणि तरी उभे राहत राहिले. म्हणजे चिकाटीची मक्तेदारी एकट्या आबांकडे नव्हती. सांगोल्याच्या मातीतच ती असावी. २०१९ ला आबांनी वयामुळे माघार घेतली, नातू अनिकेत उभे राहिले, आणि बापूंनी त्यांना ७६८ मतांनी हरवलं. पुन्हा पंगतीचाच मामला, जरा मोठ्या घरची.

३० जुलै २०२१ ला आबा गेले. त्यानंतर वर्षभरातच सांगोला देशभर गाजलं, आणि तेही ना पाण्यामुळे, ना डाळिंबामुळे. शिवसेनेतल्या बंडात गुवाहाटीला गेलेल्या शहाजीबापूंचा एक फोन बाहेर आला, आणि 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' हे महाराष्ट्राच्या तोंडी बसलं. त्यावर गाणी झाली, टी-शर्ट निघाले. अकरा आमदारक्यांनी जे नाव दिलं नाही ते एका फोननं दिलं म्हणून तेव्हा मी चडफडलो होतो. आता मात्र मला त्या वाक्यातलं पहिलं आश्चर्य अगदी अस्सल वाटतं. डोंगर आणि हॉटेल सोडून द्या. बाभळी आणि बोरी बघत वाढलेल्या माणदेशी माणसानं आसामातली हिरवीगार झाडी पाहिली, तर तो दुसरं काय म्हणणार? ज्या कोरडेपणावर आबा विधानसभेत पन्नास वर्षं बोलत राहिले, त्याची बापूंनी दोन शब्दांत साक्ष दिली, फक्त उलट्या बाजूनं.

२०२४ ची निवडणूक झाली. सबंध विधानसभेत शेकापचा एकच आमदार निवडून आला, तो सांगोल्याचा. डॉ. बाबासाहेब देशमुख, आबांचे नातू. हरले शहाजीबापू. ज्या पुढाऱ्याच्या साधेपणाचे दाखले आपण देत आलो, त्याच्याच घरात जागा परत गेली म्हटल्यावर घराणेशाहीचा विषय निघणारच, आणि निघावाही. एक नातू लोकांनी पाडला, दुसरा निवडला, एवढं त्यावर म्हणता येईल. उद्या कुणी रीतसर तारांकित प्रश्न टाकला, की सांगोला विधानसभा मतदारसंघात घराणेशाही निर्माण झाली आहे, हे खरे आहे काय, तर शासनाला उत्तर शोधत बसावं लागणार नाही. अंशतः खरे आहे.