स्वेच्छेचा इष्टांक

डिसेंबर उजाडला की आपल्याकडे देशभक्तीचा इष्टांक ठरतो. ७ तारखेचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो, पण तो साजरा होतो खरा बैठकांत. मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून अकोले तालुक्याला आणि तिथून खात्याखात्याला ध्वजनिधीचा आकडा उतरत उतरत भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावापर्यंत पोचतो. तिथे त्याला पुढे उतरायला जागा नसते. मग तो गुरुजींच्या खिशात शिरतो.

"गुरुजी, सक्ती नाही हं. ऐच्छिक आहे. फक्त परवापर्यंत शंभर टक्के झालं पाहिजे!"

निधी माजी सैनिकांसाठी, शहिदांच्या कुटुंबांसाठी. त्याबद्दल कोण ब्र काढेल? आम्ही तर स्टिकर लावून छाती पुढे करून फिरतो. फक्त एक शंका. रणगाडा घ्यायचा तर अर्थसंकल्पात तरतूद असते. त्यासाठी गल्लोगल्ली डबा फिरवल्याचं आमच्या ऐकिवात नाही. पाय गमावलेल्या जवानाच्या पेन्शनपलीकडच्या गरजांना मात्र गुरुजींचे दहा रुपये लागतात.

ही परंपरा जुनी. १९१७ साली हिंदुस्थानने ब्रिटनला युद्धासाठी दहा कोटी पौंड 'भेट' दिले. तेव्हा भंडारदरा धरणाची भिंत चढत होती आणि तिच्यासाठी दगड वाहणाऱ्यांना आपण इतके दिलदार आहोत याची कल्पना नसावी. भेट दिल्लीत मंजूर झाली, ती फेडण्यासाठी युद्धकर्ज काढलं आणि ते खपवायला मामलेदार निघाले.

१९६२ साली चीनच्या युद्धात मात्र खरोखर कुणी मागायची वाट पाहिली नाही. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि इकडे बायाबापड्यांनी बांगड्याच काय, मंगळसूत्रंही राष्ट्रीय संरक्षण निधीत टाकली. सरकार इतकं भारावलं की जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आणून नवे दागिने १४ कॅरेटच्या वर घडवायला बंदी केली. लोकांनी एवढं मनापासून दिल्यावर त्यांना पुन्हा शुद्ध सोनं घडवू देणं बरं दिसलं नसतं. सोनार बेकार झाले, तेही देशासाठीच.

हैदराबादच्या निजामाची १९६५ ची गोष्ट तर मोबाईलवर दर ऑगस्टमध्ये येतेच: देशाला पाच टन सोनं दान! प्रत्यक्षात ते होतं ४२५ किलो आणि गुंतवलं होतं साडेसहा टक्के व्याजाच्या सुवर्णरोख्यांत. व्याज घेणारा दानशूर ठरला. मंगळसूत्रवाली कोण होती, हे तिच्या नातवांनाही ठाऊक नाही.

तेव्हा आमची एक सूचना. यंदा शेंडी-भंडारदऱ्याच्या इष्टांकात धरणातलं ११ टीएमसी पाणी वळतं करावं. गावांच्या जमिनी तळाशी ठेवून १९२६ पासून ते खालच्या उसाला जातंय, अगदी ऐच्छिक. कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे कुणी नाहीही म्हटलं नाही. शंभर टक्क्यांच्या वर जे भरेल ते पुढच्या वर्षाला ओढावं.

आणि पावती गुरुजींच्या नावे फाडावी.